टॉलस्टॉयची ‘दि डेव्हिल’: पाप की व्याधी?

टॉलस्टॉयच्या ‘दि डेव्हिल’ या दीर्घकथेकडे नीतिकथा म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. आम्हास तो अपुरा वाटतो. १८८९ मध्ये लिहिलेली व पत्नीपासून दडवून ठेवलेली ही कथा लेखकाच्या निधनानंतर १९११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला दोन शेवट आहेत. एकात नायक येवगेनी इर्तेनेव्ह स्वतःवर गोळी झाडतो, दुसऱ्यात स्तेपानिदेवर.

येवगेनी स्वैराचारी नव्हे. अविवाहित असताना केवळ ‘प्रकृतीसाठी’ म्हणून तो या विवाहित शेतकरी स्त्रीशी संबंध ठेवतो. (आरोग्याची ही सबब किती मार्मिक!) पुढे लिझाशी विवाह होतो, संसार सुखाचा चालतो, परंतु स्तेपानिदा दृष्टीस पडताच निग्रह ढासळू लागतो. जायचे नाही असे ठरवून तो जातो, भेट हुकली की सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि पुन्हा तिची वाट पाहतो.

ही व्याधी म्हणावी काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत अनावर लैंगिक वर्तनाच्या विकारास स्थान मिळाले. सामान्यतः सहा महिने वा अधिक काळ आवेग आवरता न येणे, त्यामुळे वारंवार तेच वर्तन घडणे आणि जीवनाची हानी वा तीव्र क्लेश होणे, ही त्याची लक्षणे. केवळ नैतिक अपराधभावनेतून उपजलेला क्लेश मात्र निदानास पुरेसा नाही. ही अट आम्हास मोलाची वाटते. विवाहानंतर येवगेनीच्या हातून प्रत्यक्ष कृत्य घडतच नाही. वेढा पडतो तो मनास. त्यामुळे निदानाविषयी शंका उरते, यातनेविषयी मात्र उरत नाही.

ती यातना तो एकदाच बोलून दाखवतो. एका वडीलधाऱ्या नातलगास तो विनवतो की, मला एकटे सोडू नका. उपचार मागणाऱ्या पुरुषाचे याहून खरे चित्र आमच्या वाचनात नाही. उत्तर मिळते ते स्थलांतराचे! क्रिमियात दोन महिने काढून, आपण बरे झालो असे समजून, तो परततो. ज्याला लाज गिळत आहे त्याचे ऐकून घेणारा कोणी त्याला लाभत नाही. आत्महत्येनंतर डॉक्टर त्यास मनोरुग्ण ठरवतात, तेव्हा ऐकण्याची वेळ निघून गेलेली असते.

कथेत एक उणीव मात्र राहते. जिला ‘सैतान’ ठरवले, त्या स्तेपानिदेचे मन लेखकाने कोठेच उघडलेले नाही.