लाल रश्श्यातला मासा

मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावर वेराक्रूझ येथे एका घरगुती खाणावळीत मी जेवलो. रांधणे आईचे, वाढणे मुलीचे, गल्ला बापाचा. पुढ्यात आला तो त्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा पदार्थ : टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेला अख्खा मासा, आपल्या तांबोशीचा भाऊबंद.

माझा पहिला अभिप्राय प्रतिकूल होता. ऑलिव्हची फळे आणि केपरच्या खारवलेल्या कळ्या यांनी माशाची चव दडपली होती. उपकथानकांच्या गर्दीत नायक हरवावा तशी. ‘मासा अस्सल, बाकी सारे उसने’ असा निकाल मी मनाशी देऊनही टाकला.

पण उसने ते कोणते? टोमॅटो आणि मिरची त्याच भूमीतली; ऑलिव्ह, केपर आणि लसूण १५१९ साली त्या किनाऱ्यावर उतरलेल्या स्पॅनिशांमागून आलेली. ही चव दोहोंची आहे. आणि ज्या कोकणी कालवणाच्या अभिमानाने मी न्यायासनावर बसलो होतो, त्यातली मिरची तरी आपली कुठे? तीही अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलेली.

खारटपणाचा आक्षेप मी मागे घेत नाही. मात्र ‘अस्सल’ हा शब्द, मग तो पुस्तकाविषयी का असेना, यापुढे मी जपून वापरीन.