जुन्या बंदुकांची पाठचिकित्सा

जुन्या बंदुकांच्या जीर्णोद्धारात संग्राहक 'मूळ रूप परत आणणे' हीच कसोटी मानतात. ती तपासून पाहिली पाहिजे. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांसाठी एन्फील्ड बंदुकीचा जो नमुना काढण्यात आला, त्याच्या नळीत पेचदार खाचा ठेवल्या नव्हत्या. नेम दूरवर लागू नये, हा हेतू. पुढे विसाव्या शतकात ईशापूरच्या कारखान्यात थ्री-नॉट-थ्री रायफलींच्या नळ्या गुळगुळीत कोरून .४१० व्यासाच्या पोलिसी बंदुका करण्यात आल्या. काडतुसांच्या कोठीत लाकडी ठोकळा बसवून त्या एकबारी केल्या गेल्या.

संग्राहक अशा बंदुकीस 'बिघडविलेली' म्हणतो आणि ठोकळा उपटून, नवी नळी जोडून तिला 'शुद्ध' करू पाहतो. सांताक्रूझच्या विद्यानगरीत पोथ्यांचे पाठभेद नोंदविणाऱ्या अभ्यासकास हे मान्य होईल काय? उत्तरकालीन बदल हा मूळ पाठ नव्हे, हे खरे. पण तोही पुरावाच आहे. येथे तर तो राज्यकर्त्यांच्या अविश्वासाचा पुरावा आहे.

अशा वेळी पैशाची तूट उपकारकच ठरते. मऊ कापड, हलके तेल, गंज सावकाश उतरविण्याचा धीर आणि प्रत्येक खुणेची नोंद, एवढ्याने बहुतेक काम भागते. घासकागद व नवी झिलई मात्र कारखान्याचे शिक्के पुसून टाकतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये दुरुस्तीसही परवाना लागतो, हे विसरता कामा नये.

फेरफारांत तारतम्य मात्र हवेच. कोणा हौशी मालकाने करवतीने कापलेला दस्ता सांधण्यास हरकत नाही. राजसत्तेने केलेला बदल जसाच्या तसा राहिला पाहिजे.