शिक्का आणि निवाडा : टेबलटॉप भूमिकाखेळांतील नीतिविचार

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून तोंडी रचलेली गोष्ट. एक जण जग उभे करतो, बाकीचे त्यातले एकेक पात्र चालवतात, आणि पात्राचा बेत तडीस जातो की फसतो हे फासे ठरवतात. कादंबरीत ‘त्याने त्याला मारले’ असे येते. इथे खेळाडू स्वतःच्या तोंडाने ‘मी त्याला मारतो’ असे म्हणतो. वाचकाला किंवा प्रेक्षकाला मिळणारा आडोसा त्याला नसतो. म्हणून हिंसा, सूड, गुलामगिरी, वासना हे विषय या कलेत जितके जवळ येतात तितके इतरत्र क्वचितच येतात. गेल्या पन्नास वर्षांत खेळ रचणाऱ्यांनी त्यांना निरनिराळ्या रीतींनी हात घातला. त्या सगळ्या रीती सारख्या मोलाच्या नाहीत.

पहिली रीत शिक्क्याची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये निघाला. पहिली छपाई 1000 प्रतींची होती. त्यात प्रत्येक पात्राची आणि राक्षसाची ‘अलाइनमेंट’ ठरलेली असे : सुव्यवस्था, तटस्थता किंवा अराजक. पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कथांतून आलेली ही कल्पना मुळात चांगल्या-वाइटापेक्षा युद्धातल्या पक्षांची होती. 1978 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये सुष्ट-दुष्टाचा दुसरा अक्ष तिला कायमचा जोडला गेला आणि नऊ घरांचा तक्ता तयार झाला. पत्रिकेतल्या राशीसारखा हा शिक्का पात्राच्या कागदावर आधीच लिहिलेला असे. मग माणूस काय करतो यावरून तो कसा आहे हे ठरण्याऐवजी, तो कसा आहे यावरून त्याने काय करावे हे ठरू लागले.

या रीतीची मर्यादा गायगॅक्सच्याच 1979 च्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या साहसात उघडी पडते. डोंगरातल्या गुहांमध्ये गॉब्लिन, कोबोल्ड, ऑर्क अशा टोळ्या राहतात आणि खेळाडूंनी त्यांचा बीमोड करावा अशी मांडणी आहे. पण या बिळांच्या वर्णनात लढणाऱ्या नरांबरोबर माद्या आणि पिल्लेही नोंदलेली आहेत, आणि पिल्ले लढत नाहीत हेही सांगितले आहे. नर मेले, मशालीच्या उजेडात कोपऱ्यात पिल्ले दडून बसली आहेत, आता काय? नियमपुस्तकाप्रमाणे ती जमात दुष्ट. आणि ‘प्लेअर्स हँडबुक’प्रमाणे पॅलाडिनने, म्हणजे धर्मयोद्ध्याने, जाणूनबुजून दुष्ट कृत्य केले तर त्याची दैवी शक्ती जाते. पिल्ले मारणे हे दुष्टांचे निर्दालन की बालहत्या, याचा निवाडा साहसाच्या पुस्तकात नाही. खेळ मागे पडतो आणि टेबलावर वाद पेटतो. मराठीत ‘धर्मसंकट’ हा नेमका शब्द आहे : दोन्ही बाजूंना धर्मच उभा असतो आणि एक निवडला की दुसरा मोडतो. नऊ घरांच्या तक्त्यात धर्मसंकटाला जागाच नाही.

शिवाय सुरुवातीच्या नियमांत अनुभवाचे गुण मुख्यतः लुटीतून मिळत, एका सोन्याच्या नाण्याला एक गुण या हिशेबाने. कागदावर सुष्ट असे लिहिलेले पात्र दर आठवड्याला कुणाच्या तरी घरात शिरून लूट आणत होते. ज्या कामाला खेळ गुण देतो तेच काम खेळाडू करतात, मग कागदावर काही लिहिलेले असो. भूमिकाखेळांच्या नीतीबद्दल बोलताना ही साधी गोष्ट आजही वारंवार विसरली जाते.

दुसरी रीत बंदीची. 1980 च्या दशकात अमेरिकेत या खेळामुळे मुले सैतानपूजेकडे आणि आत्महत्येकडे वळतात असा गदारोळ उठला. तसा कार्यकारणसंबंध कधीच सिद्ध झाला नाही. तरी 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतून प्रकाशकांनी ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ ही नावे काढली आणि पुढे त्यांना ‘तनारी’ आणि ‘बातेझू’ केले. मारेकऱ्याचा वर्ग आणि अर्ध-ऑर्क मूळ पुस्तकातून गेले. कत्तल आणि लूट मात्र जागच्या जागी राहिली. 2002 मध्ये लंबक उलटा गेला. ‘बुक ऑफ व्हाइल डार्कनेस’वर ‘प्रौढांसाठी’ असा इशारा छापलेला होता आणि आत छळ, नरबळी, व्यसने यांचे नियम होते. प्रौढ विषय घेणे आणि विषय प्रौढपणे हाताळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या पुस्तकात छळाची हत्यारे आहेत. छळ करणाऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न जवळजवळ नाही.

तो प्रश्न विचारणारा प्रवाह दुसरीकडे वाहत होता. 1981 च्या ‘कॉल ऑफ थुल्हू’मध्ये सँडी पीटरसनने पात्राच्या मनःस्वास्थ्याला आकडा दिला आणि भयाची किंमत प्रथमच कागदावर मांडली. त्याही पुढे गेला तो ग्रेग स्टॅफर्डचा 1985 चा ‘पेंड्रॅगन’. राजा आर्थरच्या सरदारांच्या या खेळात प्रत्येक पात्राला स्वभावगुणांच्या तेरा जोड्या असतात : दयाळू-क्रूर, प्रामाणिक-कपटी, नम्र-गर्विष्ठ अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. समजा एका सरदाराची दया 13 आहे आणि क्रौर्य 7. शरण आलेला शत्रू पुढ्यात गुडघे टेकून बसला असताना खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो. 13 किंवा त्याखाली पडले तर सरदार दया दाखवतो. वर गेले तर क्रौर्यासाठी पुन्हा फासा. तोही चुकला तरच निर्णय खेळाडूच्या हाती. जसे वागावे तसे हे आकडे वर्षानुवर्षे सरकत जातात. म्हणजे शील आधी ठरत नाही, वागण्यातून साचत जाते. ख्रिस्ती सरदाराला नम्रता हा सद्गुण, तर मूर्तिपूजक ब्रिटन सरदाराला अभिमान. एकच नीती सगळ्या जगावर लादण्याचा मोह स्टॅफर्डने टाळला, हे त्याचे मोठे यश.

1991 च्या ‘व्हँपायर : द मास्करेड’मध्ये मार्क राइन-हेगनने माणुसकीलाच उतरती शिडी केले : रक्त प्यायल्याशिवाय जगता येत नाही, आणि माणुसकी शून्यावर आली की पात्र खेळाडूच्या हातून जाते. कल्पना भेदक होती. पण पुस्तकांत शक्तींची यादी इतकी लांब आणि मोहक होती की पुष्कळ टेबलांवर शोकांतिकेऐवजी अंधारातल्या सुपरहिरोंची मारामारी झाली.

या प्रवाहाचे टोक म्हणजे डी. व्हिन्सेंट बेकरचा 2004 चा ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’. एकोणिसाव्या शतकातल्या युटासारख्या प्रदेशात तरुण धर्मरक्षक गावोगाव फिरतात आणि पाप शोधून निवाडा देतात. वाद शब्दांनी सुरू होतो. हरत आलेला खेळाडू धक्काबुक्कीवर, मग हत्यारावर, शेवटी बंदुकीवर जाऊ शकतो. प्रत्येक पायरीला जास्तीचे फासे मिळतात आणि होणारी इजाही वाढते. चूक कबूल करून हार मानण्याची वाट कायम मोकळी असते. समोर एखादी बाई उभी आहे, ती ऐकत नाही, आणि खेळाडूला उमगते की जिंकायचे तर पिस्तूल काढावे लागेल. खेळ चालवणाऱ्याने यावर योग्य-अयोग्य ठरवू नये, असे पुस्तक बजावते. धर्मसंकटाला हक्काची जागा देणारा याहून चोख खेळ दाखवणे अवघड आहे.

निवाडा पुस्तकाकडून माणसांकडे आला की त्या माणसांची काळजीही घ्यावी लागते. रॉन एडवर्ड्सने 2003 मध्ये ‘रेषा आणि पडदे’ ही जोडी मांडली : रेषेपलीकडचा विषय खेळात येणारच नाही, पडद्याआडचा येईल, पण वर्णनाशिवाय. जॉन स्टॅव्ह्रोपोलोसच्या ‘एक्स-कार्ड’मध्ये टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेले कार्ड असते. कुणीही त्याला बोट लावले की चालू प्रसंग गाळायचा, कारण विचारायचे नाही. याने कला बोथट होते, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. वॉर्सा उठावातल्या पोरवयीन सैनिकांवरचा ‘ग्रे रँक्स’ किंवा स्त्रीच्या भयावरचा ‘ब्लूबियर्ड्स ब्राइड’ अनोळखी मंडळींत खेळता येतो तो थांबण्याची सोय असते म्हणूनच. खरी उणीव वेगळी आहे. गोठून गेलेल्या माणसाचा हात कार्डापर्यंत पोचतच नाही. म्हणून पहिल्या डावाआधी मोकळेपणाने बोलून घेण्याला पर्याय नाही.

शिक्क्याच्या जुन्या रीतीचा जोर आता ओसरला आहे. 2020 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे आजचे प्रकाशक ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ यांनी ऑर्क आणि ड्राऊ या जमातींना जन्मजात दुष्ट दाखवणे चुकीचे होते, असे जाहीरपणे मान्य केले. 2024 च्या नव्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ‘रेस’ऐवजी ‘स्पीशीज’ आले आणि ऑर्क खेळाडूंनी निवडायच्या कुळांत बसला. हे व्हायलाच हवे होते. अख्खी जमात जन्मतः वाईट ही कल्पना खऱ्या जगात काय करून गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण शिक्का पुसट होऊन जी जागा रिकामी झाली तिथे काही नवे यंत्र बसलेले नाही. शील घडण्या-बिघडण्याचा कोणताही हिशेब मुख्य नियमांत नाही. लढाईत हरवलेल्या शत्रूचे गुण मात्र अजून मोजले जातात. सर्वांत जास्त खेळला जाणारा हा खेळ नीतीच्या बाबतीत आज ‘पेंड्रॅगन’च्या मागेच आहे. स्टॅफर्ड 2018 मध्ये वारले. ‘पेंड्रॅगन’ची सहावी आवृत्ती 2024 मध्ये आली, गुणांच्या तेरा जोड्या तिच्यात तशाच आहेत.