पासोडी आणि टॅबलेट

अंबाजोगाईला दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी जतन केलेली आहे. कापडाच्या लांबलचक पटावर लिहिलेले हे 'पंचीकरण' आहे. पटाचा विस्तार आणि विषयाची मांडणी या दोहोंना तेथे वेगळे काढता येत नाही. लेखनसाधन हे आशयाबाबत तटस्थ असते, या समजुतीला बीड जिल्ह्यातच एवढे जुने उत्तर असताना, टॅबलेट व अ‍ॅप यांच्याद्वारे वर्गात सर्जनशील लेखन शिकवण्याची चर्चा मात्र उपयुक्त की अपायकारक, एवढ्यावरच अडते. कोणते साधन लिहिणाऱ्या मुलाविषयी काय गृहीत धरते, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईच्या आयआयटीत तयार होऊन २०१३ साली आलेला 'स्वरचक्र' हा कळफलक व्यंजनाला स्पर्श करताच त्याभोवती स्वरांचे चक्र उघडतो. बाराखडी शिकलेल्या मुलाला तो परका वाटत नाही. त्याची रचना लिपीच्या तर्कातूनच आली आहे. शब्द सुचवणारे कळफलक निराळे. ते वारंवार लिहिल्या गेलेल्या रूपांकडे झुकतात, आणि लेखी मराठीत वारंवारता प्रमाणरूपांची. बीडचे मूल 'काय करायलास?' असे विचारते. यंत्राचा कल 'काय करत आहेस?' कडे. शिक्षकाची लाल शाई निदान दिसे, तिच्याशी वाद घालता येई. ही दुरुस्ती लिहिण्याआधीच होऊन जाते, आणि खोडलेल्या ओळीची खूणही मागे उरत नाही.

'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर (२०१५) तयार चित्रे निवडून त्यांखाली मजकूर लिहिता येतो. कोऱ्या पानाची धास्ती त्यामुळे कमी होते, हे मान्य करावे लागेल. परंतु येथे चित्र आधी येते आणि अनुभवाला त्याच्या मापात बसावे लागते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांत 'कोयता' म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तर एकत्र राबणारे नवरा-बायकोचे जोडपे. 'उचल' म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली, हंगामभर फेडायची रक्कम. हा अर्थ चित्रसंग्रहात शोधून मिळण्यासारखा नाही. तो मुलाने स्वतःच सांगायचा असतो, आणि सर्जनशील लेखनाला सुरुवात होते ती तेथेच.

टॅबलेटची सर्वांत कमी वापरली जाणारी शक्ती ध्वनिमुद्रणाची आहे. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या ओव्यांना लिपीची गरज पडली नव्हती. रचनेचे भान मात्र पक्के होते. फडावरून परतलेल्या मुलाने आजीचे सांगणे आधी मुद्रित करावे, मग ऐकत ऐकत, शब्दसूचना बंद ठेवून, ते उतरवावे. कोठे थांबायचे, 'करायलास' ठेवायचे की बदलायचे, याचा निर्णय तेव्हा त्याच्याकडे येईल. असा निर्णय ज्या अ‍ॅपमध्ये घ्यावाच लागत नाही, तेथे फार तर टंकलेखन शिकवले जाते.