संत झेवियरचीं पत्रें व रोगनिवारणाच्या कथा : एक साधन-परीक्षण

प्रार्थनेनें रोगी बरा होतो ही श्रद्धा ख्रिस्ती संप्रदायांत फार प्राचीन आहे. येशूनें रोगी बरे केल्याच्या कथा शुभवर्तमानांत आहेत. आणि रोग्यानें मंडळीच्या वडिलांना बोलवावें, त्यांनीं त्याला तेल लावून त्याच्यासाठीं प्रार्थना करावी, असा विधि याकोबाच्या पत्रांत सांगितला आहे. ही श्रद्धा खरी कीं खोटी हा प्रश्न इतिहाससंशोधकाच्या कक्षेंतला नव्हे. परंतु अमुक सालीं, अमुक गांवीं, अमुक रोगी बरा झाला असें जेव्हां सांगितलें जातें, तेव्हां तें कोणीं, केव्हां व कोणाला उद्देशून सांगितलें हें पाहणें मात्र आमचें काम आहे.

अशा परीक्षणाला संत फ्रान्सिस झेवियर याच्या चरित्राइतकें सोयीचें उदाहरण क्वचितच सांपडेल. झेवियर इ. स. १५४२ च्या मे महिन्यांत गोव्यास उतरला व ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्यालगत एका बेटावर वारला. १६२२ सालीं रोमच्या धर्मपीठानें त्याला संतपद दिलें. या ऐंशी वर्षांतील साधनांचे थर स्पष्ट वेगळे दिसतात : त्याचीं स्वतःचीं पत्रें, मृत्यूनंतर चारपांच वर्षांनीं घेतलेल्या साक्षी, आणि त्यानंतरचीं चरित्रें. पत्रांची चिकित्सक आवृत्ति शूरहामर व विकी या जेझुइट पंडितांनीं १९४४-४५ सालीं रोम येथें दोन खंडांत काढली. तींत १३७ पत्रें व लेख आहेत.

अमेरिकन पंडित अँड्र्यू डिक्सन व्हाइट यानें विज्ञान व धर्मशास्त्र यांच्या झगड्यावर १८९६ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत रोगनिवारणाच्या दंतकथा कशा वाढतात याचा नमुना म्हणून झेवियरचेंच चरित्र घेतलें आहे. त्याचा सिद्धान्त थोडक्यांत असा कीं, झेवियरनें पत्रांत चमत्कार केल्याचा दावा केलेला नाहीं. जसजसा काळ लोटला तसतसे चमत्कार वाढत गेले. ही विचारसरणी आमच्या वाचकांना परकी वाटणार नाहीं. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी छाननी केली, तिचाहि रोख असाच होता : अस्सल पत्र आधीं, बखर मागाहून. तत्त्व निर्विवाद आहे. व्हाइटनें तें नीट लावलें कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

आतां पत्रेंच पाहूं. २८ ऑक्टोबर १५४२ रोजीं तुतिकोरीनहून इग्नेशियसला लिहिलेल्या पत्रांत झेवियर एका गांवची हकीकत देतो. तेथें एक स्त्री तीन दिवस प्रसूतिवेदनांनीं अडली होती व तिच्या जिवाची आशा सुटली होती. झेवियर घरांत गेला. देशभाषा जाणणाऱ्या सोबत्याच्या मुखानें त्यानें तिला आपल्या धर्माचीं मुख्य तत्त्वें सांगितलीं. आपला विश्वास आहे असें तिनें म्हणतांच शुभवर्तमानाचें वाचन करून त्यानें तिला बाप्तिस्मा दिला, आणि ती प्रसूत झाली. पुढें घरचीं सर्व माणसें ख्रिस्ती झालीं. बाकीचा गांव मात्र धन्याच्या परवानगीवांचून धर्म घेण्यास तयार नव्हता. धन्याचा वसुली करणारा कामगार गांवांत होता, त्याची अनुमति झेवियरला मिळवावी लागली. चमत्काराच्या कथेंत वसूल करणारा कामगार सहसा येत नाहीं. तो येथें आला, यावरूनच ही हकीकत ताजी आहे असें दिसतें.

दुसरें पत्र १५ जानेवारी १५४४ चें, कोचीनहून लिहिलेलें. मोत्यांच्या किनाऱ्यावरील परवर लोक आपल्या आजाऱ्यांवर प्रार्थना म्हणण्यासाठीं त्याला इतकीं बोलावणीं करूं लागले कीं एकट्याला तें उरकेना. तेव्हां, ज्या मुलांना प्रार्थना पाठ येत होत्या त्यांना तो घरोघर पाठवूं लागला. मुलांनीं घरचीं माणसें व शेजारीपाजारी गोळा करावे, सर्वांनीं मिळून विश्वासांगीकार म्हणावा, आणि रोग्याला श्रद्धा ठेवण्यास सांगावें, अशी ती व्यवस्था होती. रोगी, घरचे लोक व शेजारी या सर्वांच्या श्रद्धेमुळें देवानें पुष्कळांना आरोग्य दिलें, असें तो लिहितो.

हे दोन उतारे समोर असतां, पत्रें रोगनिवारणाविषयीं मूक आहेत असें कोणालाहि म्हणतां येणार नाहीं. व्हाइटनें अशा उल्लेखांना जें वजन द्यावयास हवें होतें तें दिलें नाहीं. दुसरा पुरावाहि त्यानें एकांगी वापरला. पेरू देशांत धर्मकार्य केलेल्या आकोस्ता या जेझुइटाच्या १५८८ च्या ग्रंथांत, आपल्या काळच्या प्रचारकांना प्रेषितांसारखें चमत्कारसामर्थ्य नाहीं असा मजकूर आहे, तो त्यानें पुढें केला. परंतु झेवियरविषयीं योग्य साक्षीदार पुष्कळ अद्भुतें सांगतात असेंहि आकोस्तानें त्याच ग्रंथांत म्हटलें आहे. ग्रंथाचें एक पान घेऊन दुसरें सोडणें हा परीक्षणांतला मोठा दोष होय.

तथापि व्हाइटचा पक्ष यानें संपूर्ण ढांसळतो असें नाहीं. झेवियरला परभाषा ईश्वरी देणगीनें अवगत होत्या असें पुढचे चरित्रकार सांगतात. पत्रांत मात्र दुभाषे व पाठांतराचे कष्ट जागोजाग दिसतात. तेथें वाढ उघड आहे. रोगनिवारणाच्या कथांत झालेला फेर याहून सूक्ष्म आहे : तेथें कर्ता बदलला आहे. पत्रांत बरें करणारा देव आहे, आणि निमित्त आहे तें सर्व घराचें व शेजाराचें सामुदायिक पठण. झेवियर स्वतः त्या घरांत हजरहि नाहीं. पुढील चरित्रांत तींच मुलें संताची जपमाळ किंवा क्रूस घेऊन जातात, आणि गुण त्या वस्तूच्या स्पर्शाचा, म्हणजे पर्यायानें संताचा ठरतो. मुलें राहिलीं, पण त्यांचा वांटा गेला.

हा फेर होण्याचें कारण साधनांच्या स्वरूपांतच आहे. पोर्तुगालचा राजा तिसरा जुवांव याच्या आज्ञेवरून १५५६-५७ सालीं गोवा, कोचीन, मलाक्का व आमच्या वसई येथें साक्षी घेतल्या गेल्या. चौकशी एका पुरुषाच्या पुण्याईची होती. साहजिकच प्रत्येक उत्तर त्या पुरुषाकडे वळलें. १५९४ मधील तोर्सेल्लिनीचें लॅटिन चरित्र व १६०० मधील लुसेनाचें पोर्तुगीज चरित्र याच वळणावर गेलीं.

या प्रवाहाच्या उलट जाणारी एक हकीकत म्हणूनच मोलाची आहे. कन्याकुमारीकडे तूं एक मेलेला मुलगा उठविलास हें खरें काय, असें गोव्यांत दिओगो द बोर्बा यानें विचारलें असतां झेवियर ओशाळला व म्हणाला कीं, तो मुलगा जिवंतच होता. आपण त्याला देवाच्या नांवानें ऊठ म्हटलें, तो उठला, आणि लोकांनीं त्याचा चमत्कार केला. ही हकीकतहि ऐकीवच. पण ती त्याच्याच भक्तमंडळींतून आली व त्यांच्या हेतूला विरुद्ध आहे, म्हणून अधिक विश्वसनीय आहे.

मग पत्रें अस्सल म्हणून तीं जशींच्या तशीं घ्यावीं काय ? तसेंहि नाहीं. १५४४ चें पत्र युरोपांतील मंडळीस उद्देशून आहे. पारिस येथील विद्यापीठांत जाऊन वेड्यासारखें ओरडावें आणि विद्वानांना या कार्याकडे वळवावें, असें आपल्या मनांत येतें, हें तो त्यांतच लिहितो. आणि १५४५ सालीं तें पारिस येथें छापलेंहि गेलें. याच पत्रांत तींच मुलें मूर्तिपूजेची बातमी आणतात व मूर्ति फोडतात, हेंहि तो समाधानानें सांगतो. रोग्याच्या उशाशीं प्रार्थना म्हणणारें मूल आणि देवघर फोडणारें मूल एकच होतें; यांतील एक उतारा घेऊन दुसरा झांकणें कोणत्याहि पक्षाच्या लेखकाला शोभणार नाहीं. शिवाय जे बरे झाले नाहींत त्यांची गणना पत्रांत नाहीं. आणि ज्या स्त्रीनें तीन दिवस कळा सोसल्या तिचें नांवहि त्यांत नाहीं.

आमचा निष्कर्ष एवढाच कीं, परवरांच्या घरांतून आजाऱ्याभोंवतीं माणसें जमत, मुलें पाठ म्हणत, व कित्येकांना बरें वाटे, हें समकालीन पत्रानें सिद्ध आहे. एकट्या संताच्या हातगुणाची कथा ही नंतरच्या थराची आहे. ज्यांच्या संग्रहीं वसई वा गोवा प्रांतांतील जुनीं ख्रिस्ती कागदपत्रें असतील त्यांनीं अशी प्रत्येक हकीकत तिच्या थरासह नोंदवावी, आणि रोगी व त्याचे शेजारी यांचें नांव कोठें आढळल्यास तें प्रथम टिपून घ्यावें, अशी विनंति करून हें परीक्षण पुरें करितों.