इटलीच्या टाचेतली कडवट वाइन

मी राहतो त्या जर्मन शहरातल्या सुपरमार्केटात इटालियन रेड वाइनच्या बाटल्या एका ठरावीक क्रमाने मांडलेल्या असतात. डोळ्यांच्या उंचीवर प्रिमितीवो, गुडघ्यांच्या उंचीवर सालिचे सालेंतिनो. दोन्ही दक्षिणेकडच्या पुलिया प्रांतातल्या, दोन्ही सात-आठ युरोंच्या घरातल्या. प्रिमितीवो घरी आणली की पाहुणे खूश असतात. तिच्यात पिकलेल्या फळाचा गोडवा असतो, घशाला कुठे अडत नाही. सालिचे सालेंतिनो आणली की दुसऱ्या घोटाला कोणीतरी विचारतंच, “जरा कडवट नाही का लागत?”

लागते. तो कडवटपणा हा दोष आहे की त्या वाइनचा मुद्दाच आहे, हे ठरवल्याशिवाय तिच्याबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही.

नकाशात इटलीच्या बुटाची टाच म्हणजे सालेंतो. सपाट, कोरडा, दोन समुद्रांमध्ये निघालेला जमिनीचा तुकडा. एका बाजूला आद्रियातिक, दुसऱ्या बाजूला आयोनियन. चुनखडीवर लाल मातीचा थर. लेच्चे शहराच्या पश्चिमेला सालिचे सालेंतिनो नावाचं गाव आहे, त्याच्या नावाने ही वाइन ओळखली जाते. तिच्यात मुख्य द्राक्ष नेग्रोआमारो, नियमाप्रमाणे किमान ७५ टक्के. जोडीला परंपरेने माल्वाझिया नेरा. नेग्रोआमारो या नावाची फोड इटालियन कानाने केली तर होते काळा-कडू. पण अनेकांच्या मते उत्तरार्धात ग्रीक ‘माव्रोस’ लपलेला आहे आणि त्याचाही अर्थ काळाच. म्हणजे एकदा लॅटिनमध्ये काळा, एकदा ग्रीकमध्ये. लेच्चेच्या दक्षिणेच्या काही गावांत म्हातारी माणसं अजून ग्रिको ही ग्रीक बोली बोलतात, त्यामुळे ही दुसरी व्युत्पत्ती मला अगदी ओढूनताणून आणलेली वाटत नाही. खरी कुठली ते भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावं. जिभेचा कौल मात्र पहिलीला आहे.

या भागाची वाइन शतकभर तरी दुसऱ्यांच्या बाटल्यांत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा फ्रेंच व्यापाऱ्यांना गडद रंगाची, जोरकस दारू हवी होती आणि पुलियाने ती पुरवली. त्या भरवशावर इथे गहू आणि चराऊ रानं मोडून वेली लावल्या गेल्या. मग १८८८मध्ये फ्रान्स आणि इटली यांच्यात जकातयुद्ध पेटलं, गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं आणि कर्ज काढून बाग लावलेला शेतकरी बुडाला. (द्राक्षबागेच्या कर्जाची गोष्ट नाशिक-सांगलीकडच्या वाचकाला फोड करून सांगायची गरज नाही.) त्यानंतर गिऱ्हाईक झाली इटलीचीच उत्तर. तिकडच्या फिकट, थंड हवेतल्या वाइनला रंग आणि अंग यावं म्हणून दक्षिणेची वाइन टाक्या भरभरून वर जायची. तिला नाव होतं ‘वीनो दा ताल्यो’, मिसळायची वाइन. किंमत ठरायची ती रंगावर आणि अल्कोहोलच्या टक्क्यांवर. चव कशी आहे हे कोणी विचारत नसे, कारण ती चव कोणाच्या नावावर लागणारच नव्हती.

म्हणून ‘ब्लेंड’ हा शब्द या वाइनच्या बाबतीत जपून वापरावा लागतो. उत्तरेकडे जाणारी वाइनही मिश्रणातच जात होती, पण ते मिश्रण दुसऱ्याच्या सोयीचं. घरचं मिश्रण वेगळं आहे. नेग्रोआमारो रंगाने गडद, अंगाने जरा खडबडीत. माल्वाझिया नेरा मऊ, सुगंधी. पहिलीचे कोपरे दुसरी घासून काढते. सालिचे सालेंतिनोला १९७६मध्ये स्वतःच्या नावाचा कायदेशीर दर्जा मिळाला. सेवेरीनो गारोफानो नावाचा कंपानियातला वाइनतज्ज्ञ सालेंतोत येऊन राहिला आणि या द्राक्षातून नुसता रंगच नव्हे, तर वर्षानुवर्षं टिकणारी वाइन निघते हे त्याने तिथल्या अनेक उत्पादकांकडून करून दाखवलं. आज गुडघ्याच्या उंचीवरची ती बाटली स्वस्त आहे, पण निनावी नाही.

आता चवीकडे. वाइनवरचं इंग्रजी लिखाण वाचताना माझी नेहमी पंचाईत होते. ब्लॅकबेरी, मलबेरी, डॅमसन... यातली निम्मी फळं मी वयाच्या तिशीपर्यंत पाहिली नव्हती. त्या लेखकांनी बालपणी खाल्लेल्या मुरंब्यांची यादी मी कशाला पाठ करायची? उलट, टॅनिनने जिभेवर जे होतं त्याला आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असलेला शब्द आहे: तुरट. आपल्या परंपरेने तर त्याला सहा रसांत जागा दिली, ‘कषाय’ म्हणून. (त्याच यादीतला ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू, मराठीत येता येता दोघांनी जागा बदलल्या.) तर या भाषेत सांगायचं झालं, की सालिचे सालेंतिनोचा पहिला घोट उबदार आणि आंबटगोड असतो, शिजवलेल्या आलुबुखाऱ्यासारखा. मध्ये ती थोडी पातळ होते. स्वस्त बाटलीत तर इथे पोकळीच जाणवते. मग तंबाखूची आणि उन्हात वाळलेल्या पाल्याची आठवण येते, हिरड्यांवर तुरटपणा बसतो आणि घोट गिळून झाल्यावर, अगदी शेवटी, कडू. मेथीइतकं कडू, कारल्याइतकं नाही.

हा शेवट का आहे, ते तिथल्या ताटात पाहिलं की कळतं. सालेंतोची माणसं कडू खातात, आवडीने. वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचं घट्ट पिठलंवजा वरण आणि त्यावर उकडलेली रानटी चिकोरीची भाजी, वरून ऑलिव्हचं तेल: ‘फावे ए चिकोरिए’, हे तिथलं गरिबाघरचं जेवण. लाम्पाशोनी नावाचे रानकांद्यासारखे कंद तर पाण्यात ठेवून कडूपणा उतरवल्यावरही चांगले कडू राहतात. कडू पदार्थाबरोबर कडवट वाइन पिऊ नये, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. सालेंतोत हा नियम कोणी वाचलेला दिसत नाही. मी तो लसूण घातलेल्या मेथीच्या भाजीवर मोडून पाहिला आहे. भाजीचा कडूपणा पुढे आला की वाइनमधलं फळ जागं होतं. भात-आमटीबरोबर मात्र तिचं जमत नाही. चिंचगुळापुढे ती नुसती रागावल्यासारखी लागते.

यात एक सापळा आहे आणि मी त्यात पडलेलो आहे. कडू म्हणजे खरं, गोड म्हणजे बाजारू, असं एकदा ठरवलं की वाईट वाइनचंही कौतुक सुरू होतं. अतिपिकलेल्या द्राक्षांची, हवा लागून दमलेली, सुक्या मनुकांच्या पाण्यासारखी सालिचे सालेंतिनो मी प्यायलो आहे आणि तिला ‘गावरान’ म्हणून सोडून दिलं आहे. तो गावावर अन्याय होता. बियांचा, सालींचा राकट कडूपणा आणि घोटाच्या शेवटी येणारा स्वच्छ कडूपणा यांत फरक आहे. पहिला जिभेवर चिकटून बसतो, दुसरा पुढचा घास मागतो.

तरी माझी तक्रार गोडव्याबद्दल जास्त आहे. पुलियाच्या स्वस्त लाल वाइन गेल्या काही वर्षांत गोडसर होत चालल्या आहेत. काहींत लीटरमागे दहा ग्रॅमहून अधिक साखर मुद्दाम उरू दिलेली असते. त्यांना खप आहे, माझ्या पाहुण्यांसकट. सालिचे सालेंतिनोच्याही काही बाटल्या त्या वाटेने निघाल्या आहेत: लेबल जाडजूड सोनेरी, बाटली वजनदार, चव मुरंब्याची. यात फसवणूक नाही, कायद्यात सगळं बसतं. पण रंग आणि अल्कोहोल पाहून किंमत करणाऱ्या व्यापाऱ्याला जसं ठिकाणाशी देणंघेणं नव्हतं, तसंच या गोडव्यालाही नाही. तो कुठूनही येऊ शकतो. नाव मिळवायला इतकी वर्षं घालवल्यावर पुन्हा कोणासारखीही लागणारी वाइन करायची असेल, तर ते नाव लेबलावर कशाला?

सालेंतोत ठिकाणाच्या खुणा तशाही झपाट्याने जात आहेत. तिथल्या बुटक्या, तारेशिवाय वाढणाऱ्या जुन्या वेलींना ‘आल्बेरेल्लो’, म्हणजे छोटं झाड, म्हणतात. आपल्याकडच्या मांडवाच्या बागा पाहिलेल्या माणसाला ती झुडपं द्राक्षाची आहेत हे पटतही नाही. युरोपातला वाइनचा अतिरेक कमी करायला विसाव्या शतकाच्या अखेरीस वेली उपटण्यासाठी अनुदान दिलं गेलं, त्यात यांतल्या पुष्कळ गेल्या. २०१३मध्ये गाल्लीपोलीजवळ झायलेला हा जिवाणू सापडला आणि पुढे ऑलिव्हची लक्षावधी झाडं उभी वाळली. त्या वाणाने वेलींना हात लावला नाही, एवढंच.

घ्यायची असेल तर ‘रिझर्वा’ लिहिलेली घ्या. तिला किमान दोन वर्षं थांबवलेलं असतं आणि किंमत दोन-तीन युरोंनीच वाढते. मधली पोकळी तिच्यात बरीच भरलेली असते. उन्हाळ्यात पिण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर अल्कोहोल नाकात जातं. आणि बाटली खालच्या फळीवर शोधा.