सप्ताह म्हणजे काय?

संग्रहालयात आठवडाभर रोज एक चित्रपट, शेजारच्या दालनात मुलांचे रंगकाम, शेवटी प्रशस्तिपत्रे. असा कार्यक्रम करमाडच्या मुलांनाही मिळावा असे आम्हाला वाटते. पण आमची एक हरकत आहे. दोन दालनांची गाठच पडत नाही; रंगकाम मुले गुंतवून ठेवण्यापुरते उरते. आपल्या हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. इथे मात्र रोजचा दिवस सुटा.

मुंबईत गुलशन महालात २०१९ साली भारतीय चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. तिथली जुनी यंत्रसामग्री बघावीच. पण कॅमेरा ही वस्तू, चित्रपट नव्हे. तो चालवला तरच असतो, आणि चालायला वेळ लागतो.

फाळक्यांना हे नेमके उमगले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. त्याआधी भांडवलासाठी त्यांनी वाटाण्याचे रोप वाढताना एकेक चौकट टिपली. महिन्याभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत! (वाटाणा दाखवून पैसे उभे करणे आज कुणाला जमेल?)

आता बघा, हरभरा तर आपल्या शिवारातलाच. पहिल्या दिवशी ओल्या फडक्यात दाणे ठेवा. मुलांनी रोज सारख्याच कागदावर, त्याच जागी, कोंबाचे चित्र काढावे. सातव्या दिवशी कागदांची गड्डी अंगठ्याने भरभर सोडली की कोंब हलतो. मग फाळक्यांचा चित्रपट लावा. सात चित्रे कमीच पडतील म्हणा. तेव्हा सकाळ-संध्याकाळ काढू द्या.